बांधावरचा फोन

आमच्या आक्काच्या सासऱ्यांइतका फोनवर जीव टाकणारा आणि फोनवरच इतका चिडणारा दुसरा माणूस खानापूरपासून निपाणीपर्यंत कुणाला सापडणार नाही. सापडलाच, तर त्यालाही आमच्या आक्काच्या सासऱ्यांनीच बिघडवलंय असं खुशाल समजावं. बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका हायस्कुलात त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरायला जातात, गुडघ्यांची चर्चा करतात, फारच अंगात रग असेल तर अपार्टमेंटच्या सेक्रेटरीशी वैर धरतात. ह्यांनी वैर धरलं ते इंटरनेटवरच्या फोन कंपन्यांशी. कारण एकच. एका कंपनीच्या इंटरनेट फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेट फोनवर बोलता येत नाही. ज्यानं त्यानं आपलं जाळं विणलंय आणि आपापल्या जाळ्यातल्या माशांनी आपसात बोलावं, शेजारच्या जाळ्याकडं बघू नये, असा कायदा केलाय. आक्का त्यांना मामा म्हणते म्हणून मीही मामाच म्हणतो. तर हे मामा घरी आलेल्या कुणालाही, अगदी गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्यालासुद्धा, उभं करून विचारायचे, "टिळकवाडीच्या पेटीत टाकलेलं पत्र निपाणीला जातं, नायजेरियाला जातं. पोस्टमन विचारतो काय, तू कुठल्या पेटीचा म्हणून? मग हे कोण टिक्कोजीराव विचारणारे?" सिलिंडरवाला बिचारा सही घेऊन जायच्या घाईत असायचा, तो व्हय म्हणायचा. मामा त्याची गणना आपल्या बाजूच्या माणसांत करायचे.

कुणी म्हणालं, मामा, अमुक अ‍ॅप टाकून घ्या की, मग रोज बोलू, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तुझ्याशी बोलायला मी तुझ्या घरात ऱ्हायला येऊ काय?" त्यांच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळानं एकदा सगळा गप्पांचा ग्रुप एका अ‍ॅपवरून दुसऱ्या अ‍ॅपवर हलवला. मामा हलले नाहीत. पण ग्रुपवर कुणीतरी भूगोलाबद्दल काहीतरी चुकीचं लिहिल्याचं त्यांच्या कानावर आलं, आणि ती चूक दुरुस्त केल्याशिवाय त्यांना जेवण जाईना. शेवटी त्यांनी छत्री घेतली आणि मंडळाच्या एकेका सभासदाच्या घरी जाऊन, कृष्णेचा उगम कुठं आणि घटप्रभा तिला कुठं मिळते, हे तोंडी सांगून आले. प्रत्येक घरी चहा झाला. संध्याकाळी पित्त खवळून परतले आणि आडवं पडून म्हणाले, "मेसेज सगळ्यांना पोचला."

पण नुसतं चिडून गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हते. स्वयंपाकघराच्या फडताळावर जिथं आक्काच्या लोणच्याच्या बरण्या असायच्या, तिथं त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणून बसवला. त्याचं झाकण काढून ठेवलेलं, आणि उन्हाळ्यात त्याच्यावर टेबलफॅन. पुस्तकं वाचून, परदेशातल्या अनोळखी लोकांना इंटरनेटवर प्रश्न विचारून विचारून त्यांनी त्या डबड्याचं घरगुती एक्स्चेंज केलं. इंटरनेटला जोडायचे टेबलावरचे फोन त्यांनी नातेवाइकांत वाटले आणि प्रत्येकाला स्वतः नंबर दिला. नंबर दिशेप्रमाणं. पश्चिमेकडच्या माणसाचा नंबर वेगळ्या आकड्यानं सुरू, पूर्वेकडच्याचा वेगळ्या. माझा चुलतभाऊ पिरनवाडी सोडून पूर्वेला राहायला गेला, तर त्याचा नंबर बदलला. त्यानं तक्रार केली, तर मामा म्हणाले, "नदीनं पात्र बदललं तर नकाशा बदलतात. तुझ्यासाठी का बदलू नये?" आक्काचं म्हणणं थोडक्यात होतं. "बरण्या खाली आल्या नि डबडं वर गेलं. ह्या घरात चव कुणाला न्हाय, आवाज तेवढा पायजे."

आमच्या बेळगुंदीच्या घरातला फोन आला तो आहेरातून. आम्ही शेतकरी माणसं, आक्काला टिळकवाडीत दिली ती आमच्या वडिलांनी, आप्पांनी, छाती दडपतच. घरच्या कार्यात व्याह्यांना टोपी-टॉवेलाचा आहेर करायची आपल्याकडची रीत. लग्नानंतर टिळकवाडीच्या घरी पूजा झाली, तेव्हा मामांनी आप्पांना टोपी घातली, टॉवेल दिला, आणि टॉवेलात गुंडाळलेला फोन. आप्पांना वाटलं, घड्याळ असेल. घरी आणून त्यांनी तो देवळीच्या शेजारी ठेवला, मामांनी येऊन जोडून दिला, आणि आमच्या घरात एक नवीनच देव आला. आप्पांची फोनवर बोलायची पद्धत म्हणजे बोलून झालं की रिसीव्हर जात्यावर ठेवायचा आणि शेताकडं जायचं. फोन खाली ठेवणं म्हणजे व्याह्यांच्या तोंडावर दार लावणं, असं त्यांना वाटायचं. त्यामुळं दिवसभर लाइन अडकून पडायची. मामांनी व्याह्यांना एका शब्दानं दुखावलं नाही. गुपचूप आपल्या डबड्यात एक नियम घालून टाकला, की पलीकडनं बराच वेळ आवाज आला नाही, तर माणूस उठून गेला असं समजून फोन आपोआप बंद करायचा. नियम सगळ्यांना सारखा. तो नियम ध्यानात ठेवा.

खंडेनवमीला आप्पा विळे, खुरपी, ट्रॅक्टर सगळ्यांची पूजा करतात. त्या वर्षी फोनचीही केली, आणि कौतुकानं जास्तच केली. बोलायच्या भोकांत हळद-कुंकू गच्च बसलं. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. आप्पांना त्यांचं सगळं ऐकू येत होतं, मामांना आप्पांचं काही नाही. मामा म्हणतायत, व्याही, बोला की. आप्पा बोलतायत, ओरडतायत, शेजारची माणसं काय झालं म्हणून अंगणात जमलीत, आणि मामा आपले तेच, व्याही, बोला की. आप्पांनी रिसीव्हर ठेवला तो थेट आक्काच्या मोबाइलवर तक्रार लावायलाच. "पोरगी दिली म्हंजे आमचा आवाज बी ऐकायचा न्हाय व्हय गं?" मुलीकडच्यांचं कुणी ऐकत नाही हे त्यांना माहीत होतं, पण ते इतकं उघड होईल असं वाटलं नव्हतं. मामा दुसऱ्या सकाळी पहिल्या बसनं खिशात जुना टूथब्रश घेऊन बेळगुंदीत हजर. अंगणात मांडी घालून त्यांनी फोनचं तोंड घासून काढलं आणि आप्पांना हात जोडले. "व्याही, पूजा पाठीमागनं करा. तोंडाला लावू नका."

आता मी माझं सांगतो. मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. रस्ता, पाणी, आपल्या भाषेत सरकारी कागद, ज्या ज्या गोष्टीसाठी आमची पोरं रस्त्यावर उतरली, त्या प्रत्येकीचं पत्रक मी लिहिलंय. नळाला पाणी नसलेल्या गावात उभं राहून, दोन फोन कंपन्यांचं एकमेकींशी जमत नाही हा अन्याय आहे असं कुणी म्हणालं, तर मी त्याला तोंडावर सांगतो की हे पोट भरलेल्यांचं दुखणं आहे. मामांनाही सांगितलं. ते रागावले नाहीत. मला म्हणाले, "तू रविवारी ये."

रविवारी गेलो तेव्हा कळलं की ह्या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक माणूस होता. मामांचा ट्रेनिंग कॉलेजपासूनचा मित्र, निपाणीचा. तो मास्तरकीत रमला नाही, बापाच्या तंबाखूच्या वखारीत जाऊन बसला. मामा त्याला वखारवाले म्हणायचे, तो मामांना मास्तर. बायको वारल्यावर मुलगा त्याला आपल्याकडं मेलबर्नला घेऊन गेला. हात थरथरायचे, नजर गेलेली. मोबाइलच्या काचेवर बोट ठेवायचं एकीकडं, उघडायचं भलतंच. म्हणून रविवारी मुलगा मोबाइल हातात धरून दोघांची भेट घालून द्यायचा. मी बघितलं, आक्काच्या मोबाइलच्या पडद्यावर म्हाताऱ्याचं कपाळ आणि छत दिसत होतं. मुलगा मागं घाई करत होता, त्याचाही दोष नाही, त्याला आठवड्याचा बाजार करायचा होता. दोघं मित्र एकमेकांना बरं हाय, बरं हाय म्हणाले आणि संपलं. मोबाइल खाली ठेवून मामा म्हणाले, "तुरुंगात तरी जाळीतनं पुरता चेहरा दिसतो."

त्या मेलबर्नच्या घरात वखारवाल्यांच्या खुर्चीशेजारी मोठ्या बटणांचा एक इंटरनेट फोन होता. तो त्यांना सहज उचलता यायचा. घरातली सगळी कामावर गेली की दिवसभर म्हातारा आणि तो फोन, दोघंच. पण त्या फोनच्या कंपनीचं जाळं वेगळं, मामांचं वेगळं. साध्या परदेशी कॉलनं बोलायचं तर घड्याळाकडं बघत बोला, आणि घड्याळाकडं बघत बोललेलं मामा बोलणं मानत नव्हते. तर प्रश्न एवढाच होता. एका खुर्चीत बसलेला माणूस फोन उचलू शकतो, दुसऱ्या खुर्चीत बसलेला माणूस फोन लावू शकतो, दोन्ही फोन एकाच इंटरनेटला जोडलेले, आणि मध्ये कुणीतरी कुंपण घातलंय. आम्ही सीमाभागातली माणसं. कुंपण कशाला म्हणतात हे आम्हाला कुणी शिकवायला नको. घरी जाईपर्यंत पत्रक माझ्या डोक्यात तयार होतं. मथळा होता, माणूस मोठा की जाळं? मामांनी ते लाल पेननं तपासलं, दोन विशेषणं खोडली, आणि आम्ही दोघांनी सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांना वाटलं. एका गृहस्थांनी बाकावर बसून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं, "ह्याचा रिचार्ज कुठं मारायचा?"

जग जागं होईना म्हटल्यावर मामांनी स्वतःच तोड काढली. मला समजावताना म्हणाले, "आपल्याकडं कितीजणांचं घर कर्नाटकात नि शेत महाराष्ट्रात हाय. बैल बांध ओलांडताना कुणाला विचारतो? मी दोन्ही जाळ्यांत खातं काढतो. दोन्ही गावचा रहिवासी होतो. मग बांधावर बसून इकडचं तिकडं द्यायचं, तिकडचं इकडं." वखारवाल्यांच्या मुलानं तिकडच्या कंपनीत मामांच्या डबड्यासाठी एक जादा खातं काढून दिलं. एका जाळ्याची आवाज बांधायची पद्धत निराळी, दुसऱ्याची निराळी, तेव्हा मध्ये दोन्ही कळणारा कुणीतरी लागतो, असंही त्यांनी सांगितलं. आणि चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे बेळगावचाच माणूस लागतो. बाजारात कन्नडमधनं भाव करायचा नि घरात येऊन मराठीतनं हिशोब द्यायचा. आपण जन्मभर दुसरं काय केलं?"

पहिल्यांदा तिकडचा फोन वाजला त्या सकाळी मी तिथंच होतो. आक्का पोळ्या टाकायची थांबली. पलीकडं रिसीव्हर उचलला गेला आणि स्पीकरमधून वखारवाल्यांचा आवाज टिळकवाडीच्या स्वयंपाकघरात आला, इतका स्वच्छ की जणू मागच्या दारात उभे आहेत. हॅलो, हॅलो, कोण हाय? मामा ओरडले, मी, मी मास्तर. पलीकडं पुन्हा, हॅलो, कोण हाय? त्यांचं आम्हाला सगळं ऐकू येत होतं, आमचं त्यांना काही नाही. आक्कानं माझ्याकडं बघितलं. बेळगुंदीचं कुंकू मेलबर्नला कसं गेलं, हेच तिच्या मनात होतं. तिकडं वखारवाल्यांना एव्हाना अंदाज आला होता. "ह्यो मास्तरचाच आसणार," ते स्वतःशी बोलू लागले. "जल्मात ह्याचं एक काम धड झालंय व्हय? भूगोलाचा मास्तर ह्यो. पोरांची सहल गोकाकच्या धबधब्याला न्यायची, तर भलत्याच फाट्यावर उतरवली. पोरं धबधबा कुठाय म्हणत्यात, नि ह्यो नकाशा उलटा धरून बसलाय." मी फोन बंद करायला हात पुढं केला, तर मामांनी माझं मनगट धरलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रविवारच्या त्या बरं हाय, बरं हाय मध्ये इतक्या दिवसांत हा माणूस त्यांना भेटलाच नव्हता. मनसोक्त शिव्या देऊन झाल्यावर पलीकडचा आवाज जरा खाली आला. "लावत ऱ्हा रं मास्तर," वखारवाले म्हणाले. "मी हितंच हाय. जातोय कुठं." आणि त्यांनी रिसीव्हर ठेवला.

मामांनी वखारवाल्यांच्या मुलाला पहिला प्रश्न खरोखरच लिहून विचारला, की फोनच्या ऐकायच्या भोकांना हळद-कुंकू लावलंय काय. त्यानं नाही म्हणून कळवलं, सभ्यपणे. मग खरा दोष कळला. वखारवाल्यांचा फोन आमच्या डबड्याला आपला पत्ता म्हणून घराच्या आतला पत्ता सांगत होता. राहता कुठं विचारल्यावर एखाद्यानं टिळकवाडी न म्हणता माजघरात म्हणावं, तसं. आमचा आवाज बिचारा जगभर ते माजघर शोधत फिरत होता. मामांनी डबड्याला सांगितलं, तो सांगतो त्या पत्त्यावर जाऊ नको, त्याचा आवाज ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं आपला पाठव. आणि पोचला. मी आजवर पुष्कळ विजय-मेळाव्यांत घोषणा दिल्यात. पण पलीकडनं "आलं रं, आलं ऐकू, वरडू नगं" असं आलं, तेव्हा आमच्या आक्कानं जी पोळी करपवली, तिच्याएवढा विजय मी बघितलेला नाही.

त्यानंतर रोज सकाळी, इकडं चहा आणि तिकडं दुपारचं जेवण झाल्यावर, हे दोघं बोलायचे. सुरुवात ठरलेली. जेवलास काय? मग काय जेवलास. मग सुनेच्या हातच्या आमटीला संकेश्वरी मिरचीची सर येते काय. मग भांडण. वखारवाले निपाणीत पाऊस आहे काय म्हणून विचारायचे, आणि मामा बेळगावात असूनही अंदाजानं उत्तर द्यायचे नाहीत, दुसऱ्या फोनवरून निपाणीच्या कुणालातरी विचारून सांगायचे. एकदा त्यांनी विचारलं, वखारीपुढचा लिंब हाय काय अजून? मामांनी चहा अर्धा टाकला, बस धरली, निपाणीला जाऊन त्या कडुलिंबाला हात लावून आले. मी म्हटलं, मामा, फोन करून विचारायचं होतं की कुणाला. ते म्हणाले, "पाऊस ऐकून सांगता येतो रं. झाड बघावं लागतं."

गेल्या पावसाळ्यात वखारवाल्यांना अर्धांगाचा झटका आला. मुलानं कळवलं की जीव वाचलाय, कान शाबूत आहेत, सगळं कळतं, डावा हात चालतो. वाचा मात्र गेली. फोन खुर्चीशेजारी ठेवलाय, तुम्ही करत राहा, बाबा उचलतील. मामांनी केला. रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. मामा बोलू लागले, जेवलास काय, कोथिंबीर कशी महागली, आक्कानं आज काय केलंय. आणि मधेच फोन तुटला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मामांनी फोन लावलाच नाही. आक्कानं विचारलं, तर म्हणाले, कंटाळत असेल तो. इतकी वर्षं त्याच्या शिव्या खाल्ल्या, आता माझं एकट्याचं पुराण त्यानं कशाला ऐकावं? ठेवतो तो फोन, बरोबर करतो. माणूस इतका लहान झालेला मी कधी बघितला नव्हता. आक्कानं मला बोलावून घेतलं. "त्या डबड्यात बघ रं काय ते. मामा जेवंनात."

मी बघितलं. मला त्यातलं थोडंफार कळायला लागलं होतं. पलीकडनं कुणी फोन ठेवल्याची नोंदच नव्हती. फोन दर वेळी आमच्या बाजूनं तुटला होता. मी मामांना हाक मारली. ते आले, चष्मा वर करून बघितलं, आणि फडताळाला हात टेकून उभे राहिले. आप्पांचा तो नियम. पलीकडनं बराच वेळ आवाज आला नाही, तर माणूस उठून गेला असं समजायचं. वखारवाले तिकडं रिसीव्हर कानाला लावून, डाव्या हातानं धरून ऐकत बसलेले, आणि आमचं डबडं त्यांना रोज मधेच तोडून टाकत होतं.

"गप्प बसला म्हणजे गेला, असं कुणी ठरवलं?" मामा म्हणाले.

"तुम्हीच, मामा," मी म्हटलं. मला गुळमुळीत बोलता येत नाही.

त्यांनी वर केलेला चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, "व्हय. मग मीच मोडतो." खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी तो नियम काढून टाकला, एकट्या वखारवाल्यांसाठी नाही, सगळ्यांसाठी. आप्पांच्या जात्यावरच्या रिसीव्हरसकट. मी आजवर प्रत्येक पत्रकात आवाज उठवा, आवाज उठवा असंच लिहीत आलोय. ज्याला आवाजच उठवता येत नाही, त्याची लाइन कुणी तोडू नये, ही मागणी मी कधी लिहिली नव्हती.

मग मामांनी फोन लावला. रिसीव्हर उचलला गेला. ह्या वेळी त्यांनी घाईनं काही सांगितलं नाही. जेवलास काय विचारलं आणि थांबले, वखारवाल्यांना उत्तर द्यायला आणि वर एक शिवी घालायला जेवढा वेळ लागला असता तेवढं थांबले, आणि मग पुढं बोलले. फोन तुटला नाही. तेव्हापासून रोज हेच चालतं. सांगण्यासारखं संपलं की मामा रिसीव्हर टेबलावर ठेवून वर्तमानपत्र काढतात. पहिल्यांदा आक्का दवाखान्यात वावरावं तशी दबकत वावरायची, तर त्यांनी तिला सांगितलं, भांडी वाजव गं, त्याला घर ऐकू येऊ दे. मग आक्का भांडी वाजवते, फोडणी देते, बाहेर भाजीवाली ओरडून जाते, आणि हे सगळं बांध ओलांडून मेलबर्नच्या त्या रिकाम्या घरात जात राहतं. तिकडनं काही येत नाही. फक्त अधूनमधून एखाद्या वेळी खुर्ची करकरते. मामा वर्तमानपत्रातनं मान वर न करता म्हणतात, "व्हय रं. मी हितंच हाय. जातोय कुठं." आणि पान उलटतात.